जावयाची निवडणूक

आमचे हे मूळचे हरियाणाचे. फौजेत बॉक्सर होते. नाक बसकं झालं ते तिथेच. बदली होऊन पुलगावला आले, माझ्याशी लग्न केलं आणि पेन्शनीत निघाल्यावर माझ्या माहेरी, नाचणगावातच घर बांधलं. माझी सोय झाली, त्यांची पंचाईत. कारण अख्ख्या गावाने त्यांना जावई करून टाकलं. पानठेल्यावर हे गेले की बाकावरची माणसं उठून जागा देत आणि रंगलेलं भांडण तिथेच थांबे.

"मैं यहीं मरनेवाला हूँ, तरी मेहमानच राहू काय?" हे मला विचारत.

म्हणून ते आमच्या वॉर्डातून ग्रामपंचायतीला उभे राहिले. नळ आणि नाली हे निमित्त. गावाने आपला माणूस म्हणावं, एवढीच खरी हौस होती. मलाही तेच हवं होतं, म्हणून मी उन्हातान्हात पत्रकं वाटत फिरले.

प्रचार कसला, पाहुणचारच तो. दारात गेलं की खुर्ची, पोहे, चहा. एका घरी तर टॉवेल-टोपीचा आहेर. "जावईबापू, तुमाले नाई कसं म्हनाव?" असं जो तो म्हणे. हे हुरळून गेले. "पूरा वॉर्ड अपना है. कोणीच एक ठोसा नाही मारला."

मला मात्र वेगळंच दिसत होतं. समोरचा उमेदवार माझ्याच शाळेतला. तो ज्या दारात जाई तिथे बाया त्याच्यावर तुटून पडत. नळाले पाणी नाई, एवढे दिवस कुठं तोंड लपवून बसला होता? तो मान खाली घालून ऐकून घेई.

"तो तर गेला," हे म्हणाले.

"नाही हो, तोच येणार. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्यालाच लोक बोलतात. जावयाला नाली काढायला कोण सांगेल?"

त्यांना पटलं नाही. रिंगमध्ये मार खाणारा हरतो, हेच त्यांना ठाऊक.

सपाटून हरले. रिंगमधल्या सवयीने त्याच दिवशी जिंकणाऱ्याच्या घरी जाऊन हात मिळवून आले, आणि घरी येऊन जेवले नाहीत. माझ्या गावावर मी इतकी कधीच चिडले नव्हते.

पुढे आमच्या गल्लीची नाली तुंबली. ह्यांनी फावडं घेतलं आणि उपसायला लागले. "राहू द्या न जावईबापू," म्हणत लोक संकोचाने धावले. ह्यांनी ऐकलं नाही. मग ते रोजचंच झालं, आणि हळूहळू लोकांचं धावणंही थांबलं.

एकदा ताप आला म्हणून हे पडून होते. कोपऱ्यावरची काकू थेट घरात शिरली.

"काऊन रे, नाली भरून राह्यली, दिसत नाई काय? हारला म्हनून आमाले डासात ठेवशीन? ऊठ. त्या मेंबरकडे जाजो अन् चांगला भांडजो."

मी तापाचं सांगणार, तर ह्यांनी मला हातानेच गप्प केलं. काकू बडबडत निघून गेली. हे उठून बसले. असं हसू मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

"सुना? मुझे डाँटके गयी."

मी खुंटीवरचा त्यांचा सदरा काढून दिला. "ऐकलं," मी म्हटलं, "आता जा, नाहीतर पुन्हा येईल ती."