घाणेरड्या वासाचं औषध

तीस वर्षं मावशी कारखान्यात लोखंडी नळ्या ॲसिडच्या हौदात बुडवून गंज काढत होत्या. हौदात त्या एक घाणेरड्या वासाचं औषध घालत. त्याचा थर लोखंडावर बसला, की ॲसिड गंज तेवढा खातं, लोखंडाला शिवत नाही.

त्या दिवशी जेवून आल्या, तर वासच नाही! पाहुणे येणार, वास नको म्हणून नव्या साहेबांनी बिनऔषधाचा हौद भरून नळ्या सोडल्या होत्या. हौद नुसता खदखदत होता. मावशींनी नळ्या उपसल्या, सगळ्या कुरतडलेल्या.

"मावशी, लक्ष कुठं असतं तुमचं?" तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन आलेले साहेब त्यांच्यादेखत खेकसले.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या नावावर खपवू नका! औषध तुम्ही घातलं नाहीत!" कुरतडलेली नळी त्यांनी पाहुण्यांच्याच हातात ठेवली. "घ्या, हुंगून बघा. वास अजिबात येत नाही!"