तोंडात काही घालू नका

मी ज्यांचा सगळ्यांत जास्त ऋणी आहे त्यांचं नाव हुसेन सोलकर. ते डॉक्टर नव्हते. मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होते. जहाजावर डॉक्टर नसतो, म्हणून औषधांची पेटी आणि आजारी माणूस दोन्ही त्यांच्या ताब्यात असायचे. निवृत्तीनंतर रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर, एका जाळ्यांच्या गोदामावरच्या खोलीत ते लोकांना प्रथमोपचार शिकवत. माझा त्यांच्यावर विश्वास बसायला फार वेळ लागला. तसा त्या वर्षी माझा कुणावरच विश्वास बसत नव्हता.

सुरुवात हॉस्पिटलच्या बाकावर झाली. माझी बायको सुजाता आत होती. डॉक्टर एक्स-रे हातात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "पेशंटला फिट आली होती. नुसती फिट असती तर तपासून लवकर घरी सोडलं असतं. पण फुप्फुसात पाणी गेलंय. फिट चालू असताना पाणी कुणी पाजलं?"

माझी आई भिंतीकडे बघत राहिली.

आजाराचं नाव त्यांनी ॲस्पिरेशन न्यूमोनिया असं सांगितलं. म्हणजे अन्ननलिकेत जायचं ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला सूज येणं. शुद्धीत नसलेल्या माणसाला गिळता येत नाही. तोंडात ओतलेलं पाणी वाट मिळेल तिकडे जातं. शिवाय पुढचा एक दात तुटला होता. तो चमच्याने.

घरी काय झालं होतं ते सांगतो. सकाळी सुजाता मोरीजवळ पडली, हातपाय झाडायला लागली. मी ऑफिसला निघालो होतो, चप्पल पायात होती. ती चप्पल कुणीतरी माझ्या पायातून काढून तिच्या नाकाशी धरली. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून आणला. किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला. दातखीळ बसली म्हणून आईने चमचा घातला आणि मग तांब्यातलं पाणी पाजलं. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. फेफरं आलं की चप्पल, कांदा, लोखंड, पाणी. सगळी माणसं प्रेमानेच धावली होती, हे मी आजही सांगतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हातखंब्याच्या पुढे आत आमचं गाव. तिथून येऊन रत्नागिरीत बी.कॉम. झालो आणि एका ऑफिसात लागलो. त्यामुळे काही झालं की घरचे सगळे माझ्या तोंडाकडे बघत. त्या दिवशी मात्र बी.कॉम.चा काही उपयोग झाला नाही.

वॉर्डाबाहेर दोन बाकं होती. एकावर आम्ही, दुसऱ्यावर सुजाताचे वडील. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आई मला ऐकू जाईल आणि त्यांनाही जाईल अशा आवाजात म्हणाली, "लगीन करताना ह्यांनी रोग लपवलानी."

सासरे खिशातून मोसंबी काढून सोलत बसले. खायला कुणी नव्हतं तरी सोलत होते. मला त्यांची दया येत होती आणि शंकाही येत होती. साखरपुड्याच्या वेळी सुजाता इतकी गप्प का होती, तिच्या मावशीने घाई का केली, असले हिशोब मी मनात करत होतो.

न्यूमोनिया उतरल्यावर तिला कोल्हापूरला नेऊन सीटी स्कॅन केला. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे आडवे काप घेतल्यासारखे फोटो. त्यात मेंदूत एक छोटी गाठ दिसली. न्यूरोसिस्टीसर्कोसिस. एका जंताचं अंडं अस्वच्छ पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जातं आणि त्यातली अळी मेंदूत जाऊन बसते. डॉक्टर म्हणाले, हे आईबापाकडून येत नाही, कुणालाही होऊ शकतं, औषधाने बहुतेक विरून जाईल. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत आणि तोवर फिट पुन्हा येऊ शकते.

मी हे आईला समजावून सांगितलं. तिने फोटो उजेडात धरून पाहिला.

"फोटूत रोग दिसंल," ती म्हणाली. "लपवल्यालं कसं दिसंल?"

घरी आल्यावर आमच्या दोन खोल्यांत तीन माणसं एकमेकांवर नजर ठेवून राहू लागली. आई सुजातावर, सुजाता आईवर, मी दोघींवर. सुजाता चूल पेटवायला गेली की आई मागे. विहिरीवर गेली की आई मागे. आई तिचं नाव घेत नसे. "त्यांची पोर" म्हणायची. एकदा सुजाता मला हळूच म्हणाली, "मला फिटची भीती नाही वाटत. शुद्धीवर येईन तेव्हा तोंडात काय असेल त्याची वाटते."

तेव्हा मी ठरवलं की प्रथमोपचार शिकायचा. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की हाताने शिका, वाचून नको. त्यांना मी एकच गोष्ट नीट विचारून घेतली होती, ती म्हणजे फिट आल्यावर काय करायचं नाही. ते म्हणाले, "दाबून धरायचं नाही आणि तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, चमचा नाही, बोट नाही." हा प्रश्न मी खिशात ठेवला. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना माझं सांगणं आहे की कोर्स शोधायच्या आधी आपल्या पेशंटबद्दलचा एक प्रश्न डॉक्टरांना विचारून ठेवा आणि शिकवणाऱ्याला तो विचारा. उत्तर आपल्याला माहीत आहे हे कळू देऊ नका.

पहिला वर्ग एका सभागृहात होता. भिंतीवर चित्रं दाखवली, भाषण झालं, वडे आले. टेबलावर सर्टिफिकेटांचा गठ्ठा होता. मी वडा घ्यायला गेलो तेव्हा पाहिलं, तर त्यावर आमची नावं आधीच लिहिलेली. म्हणजे आम्ही काय शिकलो हे त्यांना भाषणाच्या आधीच माहीत होतं. पट्टी बांधायला कुणाच्या हातात दिली नाही. मी सर्टिफिकेट न घेता निघालो, वडा मात्र खाल्ला.

दुसऱ्या ठिकाणी एक गृहस्थ प्रथमोपचाराच्या पेट्या घेऊन आले होते. मोडलेल्या हाताची झोळी स्वतःच बांधायचे, स्वतःच सोडायचे, हात मात्र विजेसारखा चाले. एका बाईंनी विचारलं, आम्ही करून बघू का? ते म्हणाले, पेटीत पुस्तिका आहे. मी माझा प्रश्न विचारला. ते लगेच म्हणाले, "चमच्याला कापड गुंडाळा आणि दातांत घाला. जीभ वाचते."

मला सुजाताचा तुटका दात आठवला. मी पेटी घेतली नाही.

सोलकर सरांचं नाव ऑफिसमधल्या एकाने सांगितलं. सांगताना हसला. "जहाजावरचा माणूस. सर्टिफिकेट देत नाही आणि नापास करतो."

सर्टिफिकेट देत नाही म्हणजे ह्याच्याकडे द्यायचा अधिकार नसणार, असं मला वाटलं. नापास करतो म्हणजे पुन्हा फी घेत असणार, असंही वाटलं. तरी गेलो. गोदामाच्या जिन्यावर सुक्या जाळ्यांचा वास होता. वरच्या खोलीत जमिनीवर रबराचा अर्धा माणूस पडलेला, त्याला खलाशाचा जुना निळा डगला घातलेला. लुंगी आणि पांढरा सदरा घातलेले सोलकर सर एका मच्छीवाल्या पोक्त बाईच्या हातावर हात ठेवून तिला त्या पुतळ्याची छाती दाबायला शिकवत होते.

मी माझा प्रश्न विचारला.

विचारताना सुजाताचा दात कसा तुटला तेही बोलून गेलो. "डॉक्टरने काय सांगितलं?" त्यांनी उलट विचारलं.

मी म्हटलं, विचारलं नाही.

"खोटं बोलता. बायकोच्या दाताबद्दल आत्ताच बोललात. एवढं झाल्यावर डॉक्टरला विचारल्याशिवाय राहिलात? परीक्षा घेता काय माझी?" मग मात्र त्यांनी उत्तर दिलं, आणि ते डॉक्टरांच्या उत्तराशी जुळलं. मी गोळ्यांबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते मला माहीत नाही. डॉक्टरला विचारा."

हे ऐकून मी खूश व्हायला हवं होतं. पण आधीच्या दोघांना सगळं माहीत होतं आणि ह्यांना माहीत नाही, असं वाटून मी जास्तच साशंक झालो. ते का शिकवतात, हेही विचारलं. म्हणाले, "घरात बसून बायकोशी भांडण्यापेक्षा बरं."

मी नाव द्यायला लागलो तेव्हा त्यांनी थांबवलं. "ओ ग्रॅज्युएट, तुम्ही दिवसभर कुठे असता?"

"ऑफिसात."

"आणि बायको?"

"घरी."

"तिच्याजवळ कोण?"

"आई."

"मग तुम्हाला शिकवून काय करू? आईला आणा."

मी म्हटलं, आई शाळेत गेलेली नाही. ते म्हणाले, पुतळापण गेलेला नाही. मी म्हटलं, पाणी तिनेच पाजलं होतं. त्यावर ते म्हणाले, "म्हणून तर. ती आणखी एकदा पाजेल. तुमचं ऐकून थांबणार नाही. तिच्या हाताला दुसरं काहीतरी काम द्यावं लागेल."

आईला घरातून काढणं सोपं नव्हतं. तिला वाटलं, मी तिला हॉस्पिटलात माफी मागायला नेतोय. जिना चढताना म्हणाली, "ह्यो समुद्रावरचा मास्तर मला काय शिकवनार? मी चार बाळंतपणं केल्यात." वर गेल्यावर तिने पुतळ्याकडे संशयाने पाहिलं आणि त्याचे पाय कुठे आहेत ते विचारलं.

सरांनी तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. फिटमध्ये मेंदू काय करतो हेही सांगितलं नाही. मला जमिनीवर झोपवलं आणि म्हणाले, "वहिनी, मुलाला फिट आलीय. करा तुम्ही काय करता ते."

मी हातपाय झाडले. आईने एका गुडघ्याने माझा हात दाबला आणि दोन बोटं सरळ माझ्या तोंडात घातली. मी चावलो. मुद्दाम नाही, पण चावलो.

"नापास," सर म्हणाले.

आई बोट चोळत बसली. "साळंत नापास व्हायचं ऱ्हायलं व्हतं," ती म्हणाली, "ते हितं झालं."

खोलीतले सगळे हसले, मच्छीवाल्या बाई सगळ्यांत मोठ्याने. मग सरांनी तिला दाखवलं. आजूबाजूचं टणक सामान दूर करायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं. घड्याळाकडे बघायचं. झटके थांबले की कुशीवर वळवायचं, म्हणजे तोंडातली लाळ बाहेर येते, आत जात नाही. इंग्रजीत ह्याला रिकव्हरी पोझिशन म्हणतात. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी फिट आली, तर लगेच गाडी. तोवर काही करायचं नाही, हेच करायचं. आईला हे फार जड गेलं. हात रिकामे ठेवून बसणं तिला कधीच जमलेलं नव्हतं.

सरांनी तिला तीनदा बोलावलं आणि दर वेळी पुन्हा पुन्हा मला वळवायला लावलं. मी जड होतो, ती दमायची. तिसऱ्या वेळी तिने माझा वरचा गुडघा दुमडला, एक हात गालाखाली ठेवला आणि हनुवटी जराशी वर केली. मऊ हाताने, मी लहान असताना झोपेत कूस बदलायला लावायची तशी.

"पास काय?" तिने विचारलं.

"ते इथे कळत नाही, वहिनी. वेळ येईल तेव्हा मला कळवा."

पावसाळ्यानंतर ते मुलाकडे कुवेतला गेले. मच्छीवाल्या बाईंकडून मी पत्ता घेऊन ठेवला. पुढे त्या पत्त्यावर मी जे पत्र पाठवलं ते इथे देतो. सुजाताच्या गोळ्या आता बंद झाल्या आहेत आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही. आभार मानायचे तर ह्या पत्राहून निराळे शब्द माझ्यापाशी नाहीत.

आदरणीय सोलकर सर,

सप्रेम नमस्कार. तुम्ही कळवायला सांगितलं होतं म्हणून कळवतो. परवा आई आणि सुजाता मासे घ्यायला मिरकरवाड्याला गेल्या होत्या. सुजाताला आदल्या दिवसापासून बारीक ताप होता, तिने सांगितला नव्हता. बंदराच्या धक्क्यावर माशांचा लिलाव चालू असताना तिला फिट आली. मी ऑफिसात होतो. पुढचं मला तुमच्या वर्गातल्या मच्छीवाल्या बाईंनी सांगितलं, कारण आई काही सांगत नाही.

गर्दी जमली. कुणी चप्पल काढली, कुणी बर्फाचं पाणी आणलं. आईने टोपल्या लाथेने सरकवल्या, खोचलेला पदर सोडून त्याची घडी डोक्याखाली घातली आणि होडीवरच्या एका तांडेलाच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, "काटा बघ आणि मला सांग." पाणी पाजायला आलेल्या बाईचा हात तिने धरला. ती बाई म्हणाली, अगो, पोर मरंल. आई म्हणाली, "तोंडात काय घालू नका. माजी सून हाय ती. मी शिकलंय."

सर, 'माझी सून' हे शब्द आमच्या घरात त्याआधी कुणी ऐकले नव्हते. सुजाताला मी रात्री सांगितले तेव्हा तिने मला ते दोनदा म्हणायला लावले.

दोन मिनिटांच्या आत झटके थांबले. आईने तिला कुशीवर वळवलं आणि ती डोळे उघडेपर्यंत ओल्या धक्क्यावर तिच्या पाठीला हात लावून बसली. डॉक्टरांनी तपासलं. फुप्फुस स्वच्छ आहे, उरलेले दात सगळे जागेवर आहेत.

एकच चूक झाली. कुणीतरी सुजाताच्या नाकाशी कांदा धरला होता, तो आईने हिसकावून आपल्या पिशवीत टाकला. घाईत परत द्यायचा राहिला. संध्याकाळी तो बांगड्याच्या कालवणात पडला आणि आम्ही तिघांनी खाल्ला. आई विचारते आहे, ती पास का, आणि कांद्याचे मार्क कापणार का?

आपला,
दत्ता