केकवरचं नाव

केकवर गुलाबी क्रीमने चार इंग्रजी अक्षरं काढली होती. जी, ओ, डी, ए. गोदा. बाळाच्या आजीने, माईंनी, बटरची सुरी घेतली आणि ती अक्षरं एकेक करून खरवडून टाकली. सुरीला लागलेलं क्रीम टिश्यूला पुसलं. पंचवीस-तीस माणसं होती त्या हॉलमध्ये. का खरवडता म्हणून कुणीही विचारलं नाही. सगळ्यांना कळलेलं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

बाळ पाळण्यात झोपलेलं. त्याला बिचाऱ्याला या सगळ्याचं काय!

ते नाव माझ्यामुळे आलं होतं आणि माझ्यामुळेच गेलं. म्हणून मलाच सांगायला हवं.

मी सिंगापूरला आले एम्प्लॉयमेंट पासवर. रॅफल्स प्लेसला एका बँकेच्या आयटीत नोकरी. राहायला यिशुनला, एका चिनी आँटीच्या फ्लॅटमधली एक खोली. आँटी चांगली होती. रोज संध्याकाळी विचारायची, "इट ऑलरेडी?" मी म्हणायचे, "यस, आँटी." कामाचं सोडलं तर दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच. पाच-सहा महिन्यांनी मी कपडे वाळत घालताना स्वतःशीच मराठीत बोलायला लागले. मोठ्याने. हसू नका. तसं एकटं राहून बघा, मग बोला.

आणि मग ऑफिसात वीणा भेटली. पुण्याची. लिफ्टमध्ये फोनवर नवऱ्याला झापत होती, "अरे, दूध उतू जाईपर्यंत करत काय होतास तू?" खरं सांगते, ते वाक्य ऐकून मी माझ्या मजल्यावर उतरायचं विसरले. तिने फोन ठेवला नि म्हणाली, "मराठी का गं तू? मग रविवारी जेवायलाच ये."

तिचं घर बुकित पंजांगला, कॉन्डोमध्ये. बस आणि एलआरटी मिळून तासाभराचा रस्ता. मी नवा कुर्ता घालून गेले. वीणाच्या सासूबाई, माई, सहा महिने पुण्यात आणि सहा महिने इथे असायच्या. त्यांनी मला आधी वरणभात वाढला. तूप वाढलं. मग विचारायला सुरुवात केली.

माझं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी 'कर'. त्यावरून कुणाला काही कळत नाही. माईंनाही कळेना. "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" "गोदाकाठचे, पैठणकडचे." "कुलदैवत कुठलं?" "घरात कुणी फारसं करत नाही." मग म्हणाल्या, "आजीचं नाव काय गं तुझ्या?" ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. मला काय कळत नव्हतं? शाळेपासून ऐकतेय मी हे प्रश्न. पण समोर वरणभात होता. सहा महिन्यांनी कुणीतरी मराठीत "अजून घे" म्हणत होतं. मला त्या घरात पुन्हा यायचं होतं.

मी म्हणाले, "गोदावरी."

माईंचा चेहरा खुलला. "वा! काय सुंदर नाव! जुन्या घरांतली नावंच वेगळी." आणि त्यांनी मला आणखी तूप वाढलं.

माझ्या आजीचं नाव केराबाई. केर म्हणजे झाडून टाकतात तो.

हे नाव तिला कसं मिळालं ते तिनेच मला सांगितलं होतं. ती जन्मली तेव्हा तिचा बाप गावातल्या जोशाच्या ओसरीखाली जाऊन उभा राहिला. लांब. जोडे हातात. म्हणाला, "महाराज, पोरगी झाली. नदीचं नाव ठेवावं म्हणतो. गोदा." जोशी म्हणाला, "गोदा आमच्या घरात आहे. तू महारवाड्यातून हाक मारलीस आणि माझ्या पोरीने ओ दिली तर? केरी ठेव." तिच्या भावांची नावं दगडू आणि उकिरडा. तिन्ही नावं त्याच ओसरीवरून आलेली.

पुढे महारवाड्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हा भावांनी नावं बदलली. आजीने बदललं नाही. प्रौढांच्या वर्गात जाऊन सही शिकली, तीही केराबाई अशीच. मी विचारलं होतं, "आजी, तू का नाही बदललंस?" ती म्हणाली, "ज्यानं ठेवलं त्याला लाज वाटू दे की. मी काय म्हणून बदलू?"

आणि मी? तिची शिकलेली नात? मी एका ताटासाठी बदलून टाकलं. तेव्हा ती जिवंत होती.

त्यानंतर दर रविवारी जात राहिले. संध्याकाळी परतताना बसमधून आजीला फोन करायचे. ती विचारायची, "तिथं आपलं कुणी हाय का गं?" मी म्हणायचे, "आहे की."

मागच्या वर्षी ती गेली. मी गावी जाऊन आले. परतल्यावर वीणाने मला घरी बोलावलं. माईंनी कॉफी केली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गोदावरीबाई भाग्यवान. नातीचा संसार नाही पाहिला, पण नात परदेशात गेलेली पाहिली." वीणा रडली. माझ्या आजीसाठी खरोखर रडली ती, पण दुसऱ्याच बाईच्या नावाने. मी कॉफी प्यायले. त्या दिवशी यिशुनला परत आले आणि आँटीने "इट ऑलरेडी?" विचारलं, तर मी "यस, आँटी" म्हणाले आणि खोलीचं दार लावून घेतलं. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. माझ्या आजीच्या मरणाला इथे मी एकटीच होते, आणि ते मीच केलं होतं.

मग वीणाला दिवस गेले. मुलगी होणार, हे इथे आधीच सांगतात. जुन्या नावांची हवा सगळीकडे होतीच. वीणा म्हणायची, "आता कियारा-बियारा कुणी ठेवत नाही गं. पणजीचीच नावं परत येणार बघ." तिच्या ओळखीत एक यमुना झाली होती, एक कावेरी. एके दिवशी ऑफिसच्या पॅन्ट्रीत तिने माझे दोन्ही हात धरले. "आम्ही गोदा ठेवतोय. तुझ्या आजीचं. माईंनाही फार आवडलंय. बारशाला तू आजीबद्दल दोन शब्द बोलायचेस हं!"

प्रेमाने केलं तिने. हेच तर वाईट होतं. मी नको म्हणायला हवं होतं, पण म्हणाले, "बोलेन की."

दोन शब्द मी फोनमध्ये लिहूनही ठेवले. गोदावरीआजी पहाटे उठायच्या, तुळशीला पाणी घालायच्या, ओव्या म्हणायच्या. सगळं खोटं. माझी आजी पहाटे उठून दुसऱ्यांचे गोठे झाडायची.

बारशाला मी उभी राहिले. माईंनी ओळख करून दिली. "ही वीणाची मैत्रीण. हिच्या आजीचं नाव आपण बाळाला देतोय. असली नावं परत येताहेत ते बरंच झालं. नावावरून माणसाचं घराणं कळतं."

घराणं कळतं! फोन हातात होता, तो मी पर्समध्ये टाकला.

मी म्हणाले, "माझ्या आजीचं नाव गोदावरी नव्हतं. मी खोटं बोलले होते. तिचं नाव केराबाई."

एक पोरगं हसलं. "सो फनी लाह!" त्याला केर म्हणजे काय ते माहीतही नसेल. पण बायकांना माहीत होतं. त्यांनी पदर-ओढण्या तोंडाशी नेल्या. एक जण मला सावरायला म्हणाली, "अगं, पूर्वी मुलं जगायची नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये असली नावं ठेवायचे. आमच्यातही एक धोंडूमामा होते."

"आमची जगली होती," मी म्हणाले. "नाव मागायला गेलो तर मिळालं नाही." आणि जोशाच्या ओसरीची सगळी गोष्ट सांगितली. गोदा हे नाव कुणी मागितलं होतं आणि कुणी दिलं नाही, तेही.

मग कुणी हसलं नाही.

माई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही..."

"हो," मी म्हणाले.

"सांगायचं तरी. तीन वर्षं घरात येतेस." मग वीणाच्या नणंदेकडे वळल्या. ती बाळाची आत्या, तीच कानात नाव सांगणार. आवाज खाली आणला त्यांनी, पण मला ऐकू येणार नाही इतका नाही. "कानात सांगायच्या आत कळलं, हे नशीब. दुसरं नाव काढा."

मी खोटं बोलले म्हणून चिडल्या असत्या तर मी मान खाली घातली असती. तो माझा गुन्हाच होता. पण त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना किळस आली होती. नाव तेच, नदी तीच. फक्त ते कुणाच्या तोंडून आलं ते कळलं होतं.

दोन-तीन फोन निघाले. पाच मिनिटांत इरा सापडलं. आत्याने कानात सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, टाळ्या झाल्या. मग माईंनी सुरी घेतली.

वीणा लिफ्टपर्यंत आली. तिचे डोळे लाल होते. "आजच बोलायचं होतं का तुला? माझ्या बाळाच्या बारशात?" मला तिचं थोडं पटलं. सॉरी म्हणायला मी तोंड उघडलंही. पण ती मागे वळून बघत होती, माई बघताहेत का म्हणून. मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली.

मंगळवारी तिचा मेसेज आला. "माईंचं वय झालंय गं. मनावर घेऊ नकोस. रविवारी ये. फक्त तो विषय नको." मी दोनदा वाचला. रविवारचं जेवण मला हवं होतं, खोटं कशाला बोलू. मी लिहिलं, "तो विषय म्हणजे माझी आजी. ती नको असेल तर मीही येणार नाही." पुढे काही आलं नाही. ती रजा संपवून आली. ऑफिसात आता आम्ही फक्त कामाचं बोलतो. रविवारी मी खोलीवरच असते. पुन्हा कपडे वाळत घालताना बोलते. पण आता आजीशी बोलते, तिच्या नावाने हाक मारून.

माझ्या भावाकडे पुढच्या महिन्यात बाळ येतंय. तिकीट काढलंय मी. त्याला फोन केला, मुलगी झाली तर गोदावरी ठेवायचं. तो म्हणाला, "काय गं ताई, आपल्यात कोण ठेवतं? लोक म्हणतील त्यांच्यातलं उचललं."

"आपणच मागितलं होतं आधी," मी म्हणाले. "जोशाच्या घरातून नाही मागितलं. नदीचं मागितलं होतं."

जुनी नावं परत येतील का, असं ऑफिसात अजून बोलणं चालतं. ज्यांची गोड होती त्यांची येतील. केरी, दगडू, उकिरडा परत येऊ नयेत. एकाही लेकराच्या वाट्याला येऊ नयेत. पण ज्यांनी ती आयुष्यभर सोसली, त्यांना मी आता लपवणार नाही. आजीचं नाव काय, असं कुणीही विचारू दे. केराबाई. कुणी दिलं तेही सांगेन, ताटावर बसले असले तरी.

आणि गोदा आता माझं आहे. आजीच्या बापाने ते जोडे हातात घेऊन मागितलं होतं. मी कुणाला विचारणार नाही. मुलगा झाला तर पुढच्या खेपेला, थांबायची सवय आहे आम्हाला. मुलगी झाली की पाळण्यात वाकेन आणि तिच्या कानात सांगेन. आत्या मी आहे. किती धपाटे घालायचे ते घाला.