चारच्या रकान्यातली सही

संस्थेत तिला सगळे मावशी म्हणत. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही, त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे तिचं काम. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. गुडघ्यांच्या मधे उशी. चादरीला एकही चुणी नको. चुणीचीच जखम होते. एकोणीस वर्षांत तिच्या खोल्यांतल्या कुणाच्याही पाठीला जखम झाली नव्हती. म्हणून यंदाचा गौरव तिचा.

"जिवंतपणी भिंतीवर फोटो लागणार तुमचा," धुलाईघरातली बाई म्हणाली. "आमचा जन्म चादरी पिळण्यात गेला, कुणी टाळी वाजवली नाही."

"तुझाच लावायला सांगते."

"नको गं बाई! माझं थोबाड बघून इथले सगळे पळतील. म्हणजे, पळता येत असतं तर."

एरवी मावशी हसली असती.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी तक्ता असे: वेळ, कूस, सही. दिवसभर हातांत मोजे, मोज्यांना मलम. पेन धरवत नसे. म्हणून सगळ्याच जणी सकाळी मोजे चढवण्याआधी संध्याकाळपर्यंतचे रकाने भरून टाकत. मग काम चोख करत. त्यात खोटं असं कुणाला काही वाटत नसे.

अकरा वर्षांपूर्वीची एक दुपार. खिडकीजवळच्या खाटेवर दादा. त्याचे फक्त डोळे हलत; वर पाहिलं की 'हो'. दोन वाजता तिने त्याला भिंतीकडे वळवलं. चारच्या सुमाराला पलीकडच्या खोलीत एकीला झटके सुरू झाले, ते थांबेनात. मावशी दादाकडे पोचली तेव्हा साडेपाच झाले होते. अंग गार. तोंड भिंतीकडेच. डोळे वर. तो कुणाला, कशाला 'हो' म्हणाला, ते तिला अजून कळलेलं नाही.

तक्त्यात मात्र चारला त्याची कूस बदललेली होती. सहालाही. सहाची सही तिने खोडली. चारची राहू दिली.

त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, तो कागद वाचला आणि मावशीचे हात धरले. "चारला तुमचा हात होता त्याच्या पाठीवर. एवढं पुरे मला."

तेव्हापासून चार वाजले की मावशीच्या तळव्यांवर एक पाठ येऊन टेकते. सुट्टीच्या दिवशी भाजी निवडतानाही.

सन्मानचिन्ह ताईच्याच हातून द्यायचं ठरलं. कार्यक्रमाच्या दिवशी ती पहिल्या रांगेत बसली होती. मावशी शेजारी जाऊन बसली.

"ताई, चारला मी गेले नव्हते."

"कुठे?"

"दादाकडे. सही सकाळीच केली होती. दोननंतर गेले ती साडेपाचला."

माइकवर व्यवस्थापक गौरवपत्र वाचत होते: एकोणीस वर्षांत एकही नोंद चुकली नाही.

"भिंतीकडे तोंड करून?" ताईने विचारलं. "साडेतीन तास?"

"हो."

मावशीचं नाव पुकारलं गेलं. दोघी मंचावर गेल्या, कारण जायचं होतं. ताईने चिन्ह पुढे केलं. मावशीने धरलं. ताईने सोडलं नाही.

"जवळ या, हसा जरा," फोटोवाला म्हणाला.

"अकरा वर्षं रोज चार वाजता हातातलं काम थांबवून तो हात आठवते मी," ताई हळू म्हणाली. "तेवढंच बरं वाटायचं. आता चार वाजता काय करू, सांगा."

टाळ्या विरल्या. मावशीनेही चिन्हावरचा हात काढून घेतला नाही.