सरळ निजायची हौस

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जी माणसं कधी ना कधी भरदिवसा जमिनीवर आडवी झाली असतील, त्यांतली निम्मी तरी आमच्या नणंदबाईनं दमदाटी करून निजवलेली होती. दारू पिऊन पडलेली वेगळी, ती तिनं आपल्या खात्यात धरली नाहीत. बाकी कोणी कमरेवर हात ठेवून उभा दिसला की तिच्या तावडीतून सुटत नसे. ओळख असो, नसो. रस्ता असो की लग्नाचा मंडप असो. "निजा खाली," एवढंच ती म्हणे, आणि आवाज असा की माणूस आधी निजे आणि कशासाठी ते नंतर विचारी.

ती ह्यांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भातकुलीजवळच्या आमच्या गावी, भावाच्या घरी परत आली. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात तिचाच शब्द चाले. उंच, काळी, हाडापेरानं दणकट, पदर कायम खोचलेला. मी चौथी शिकलेली आणि तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. तो राग तिनं जन्मभर माझ्यावर काढला. नावानं हाक कधी मारली नाही. "ऐ चौथीवाली, तुह्या पुस्तकात पाणी कसं भरावं लिवलं हाय का?" असं चार बायांत विचारी. मला ती आवडत नव्हती. बरीच वर्षं आवडली नाही. आता ती नाही म्हणून मी गोड लिहिणार नाही.

तिच्या वेडाचं मूळ माझी सासू. आमच्याकडच्या बाया कापूस वेचतात तो पोटाशी ओटी बांधून. दिवस उगवला की कमरेतून वाकायचं ते बुडेपर्यंत, आणि ओटी भरत जाईल तसं ते ओझं आणखी खाली ओढतं. सासूनं लहानपणापासून तेच केलं. मी पाहिली तेव्हा ती काटकोनात चालत होती. समोरच्याचं तोंड तिला दिसत नसे, माणसं ती पायांवरून ओळखी. मी नवीन आले तेव्हा माझ्या पायांकडे पाहूनच म्हणाली, "सून चांगली हाय, टाचा भेगलेल्या नाईत." तोंड तिनं माझं नीट कधी पाहिलंच नाही.

ती मेली तेव्हा तिला तिरडीवर ठेवता येईना. उताणी केली की गुडघे वर येत, गुडघे खाली केले की डोकं वर येई. विळा जमिनीवर ठेवावा तशी ती डुलत होती. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "दाबा. आता तिले काय दुखते?" खांदे दोघांनी धरले आणि गुडघ्यांवर हात ठेवले ह्यांनी, कारण मुलगा तेच होते. कपाशीची वाळलेली झाडं, पऱ्हाटी, मोडताना होतो तसा आवाज झाला. नणंदबाई दारात उभी होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी सरळ निजीन. माह्या गुडघ्याले कोनी हात लावाचा नाई." ह्यांनी त्या आवाजाचं नाव पुढं कधी काढलं नाही, पण कोणी घरात पऱ्हाटी मोडून चुलीत घालू लागलं की उठून बाहेर जात.

त्यानंतर काही वर्षांनी आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. आमच्या वस्तीत कोणापुढं वाकणं तसंही बंद होऊ लागलं. नणंदबाईनं ते कमरेपासून धरलं. पण कमरेला दीक्षा कळत नाही. एका वेचणीत ती वाकली ती उठलीच नाही. बैलगाडीत घालून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथल्या एका नर्सबाईनं तिला फळीवर निजवून हातपाय हलवायचे चार-पाच प्रकार शिकवले आणि रोज करायला सांगितले. दुसऱ्या बाया असली गोष्ट दवाखान्याच्या पायरीवरच विसरतात. ही घरी आली ती धर्म घेऊन आल्यासारखी.

नर्सबाईनं सांगितलेली नावं तिच्या ध्यानात राहिली नाहीत, म्हणून तिनं आपली ठेवली. उताणं निजून गुडघे पोटाशी घ्यायचे, ती 'पोटुशी'. ओणवं होऊन पाठ वर फुगवायची आणि खाली सोडायची, ती 'मांजर'. पाय दुमडून कंबर वर उचलायची, तो 'पूल'. आणि सगळ्यांत मोठी 'धरणी', म्हणजे पोट आत ओढून कमरेचा खोलगा जमिनीला टेकवायचा. तो टेकला की नाही ते पाहायला ती कडब्याची काडी कमरेखालून सरकवी. काडी आरपार गेली तर माणूस नापास. तिनं घरातली बाज बाहेर काढून तिला बकरी बांधली. बाजेचा झोळ कमरेचा वैरी, असं तिचं म्हणणं. आम्ही सगळे जमिनीवर आलो. पाण्याची घागर वाकून उचललेली दिसली तर ती पाठीत गुद्दा घाली आणि म्हणे, "बस, मंग उचल. कंबर काय बापानं दुसरी देल्ली?" गुद्द्यानंच माझी कंबर आधी जाईल असं मला वाटे.

माझ्या मुलीला पाहायला अकोल्याहून पाहुणे आले. मुलाचा बाप शाळामास्तर, परीटघडीचे कपडे, बोलणं मोजकं. बसताना तो नुसता "आई गं" म्हणाला. मी पोह्यांची ताटली हातात धरून उभी, आणि नणंदबाईनं त्याच्यासमोर सतरंजी पसरली. "निजा, पाहुणे."

"अहो, मी मुलगी पाहायला..."

"पोरगी कुठी पळून नाई राहिली. कंबर पळून राहिली. निजा."

मास्तर निजले. गुडघे पोटाशी घेऊन, होणाऱ्या सुनेसमोर, टोपी एका अंगाला घरंगळलेली. त्यांची बायको पदर तोंडावर घेऊन इतकी हसली की तिला ठसका लागला. "घरात माझं कदी आयकलं नाई यायनं," ती म्हणाली. ह्यांनी मान खाली घातली, सोयरीक मोडली असं धरूनच. मास्तर बराच वेळ उठले नाहीत. मग छताकडे पाहतच म्हणाले, "बाई, ते पुलाचं पुन्हा एकदा दाखवता का?" मुलगी त्याच घरात पडली आणि बरी नांदली.

सगळीकडे असं नीट झालं नाही. गावचा म्हातारा कोतवाल एक पाय ओढत चालायचा. तिनं त्यालाही निजवला, पूल करायला लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाय उचलता येईना. त्याची सून दारात येऊन वाटेल ते बोलली. नणंदबाईनं गाडी जुंपायला लावली, त्याला स्वतः अमरावतीला नेला आणि तो परत फिरेपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिली. त्यानंतर ती आधी विचारी, "पाय बधिर हाय का? मुंग्या येतात का?" हो म्हटलं की हात लावत नसे, सरळ दवाखान्याची वाट दाखवी. तो म्हातारा पुढं काठीवरच राहिला.

एका वर्षी वेचणीच्या दिवसांत तिनं आणखी एक काढलं. दुपारी भाकर खाऊन झाली की सगळ्या बायांना कपाशीच्या तासांमध्येच, दोन ओळींमधल्या मातीत, पोटुशी घेऊन निजायला लावी. त्या वर्षी कपाशीवर मारायचं औषध नवीनच आलं होतं, आणि ते पोटात गेलं तर माणूस मरतो हे सगळ्यांना माहीत झालं होतं. मालकाचा दिवाणजी बांधावर आला आणि पाहतो तर दहा-बारा बाया उताण्या, गुडघे पोटाशी, डोळे मिटलेले. तो छत्री टाकून ओरडत धावला, "काय खाल्लं वं? कोनी काय खाल्लं? ओका! आधी ओका!"

"भाकर खाल्ली," नणंदबाई निजल्या निजल्या म्हणाली. "तुमी बी निजा, दिवाणजी, उजव्या अंगानं झुकून चालता तुमी."

बाया हसल्या. तो हसला नाही. भीती उतरली तसा राग चढला. "उद्यापासून येऊ नका! निजायची मजुरी देतो का मी?"

तेव्हा ती उठून उभी राहिली. त्याच्यापेक्षा उंच होती. "वाकायची देता," ती म्हणाली, "मंग सरळ व्हायले घडीभर देल्ली तं काय बिघडते?" दुसऱ्या दिवशी आम्हाला खरंच कामावर घेतलं नाही. बाया आठ-पंधरा दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, मीही नाही. मग बोंडं फुटून कापूस गळू लागला आणि दिवाणजीनंच निरोप पाठवला. दुपारी निजायचं मात्र चालू राहिलं. तो त्या वेळी दुसऱ्या बांधाकडून जाई.

तिची कंबर अशी शाबूत राहिली, आणि गेलं पोट. पोटात गाठ झाली. अमरावतीच्या डॉक्टरनं ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या. कळ आली की माणूस आखडतं. तीही एका कुशीवर होऊन गुडघे पोटाशी घेऊ लागली. ती पोटुशी वेगळी होती. त्यातून ती परत येत नव्हती. दिवसेंदिवस आईसारखी होत चालली, आणि हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं.

एका सकाळी तिनं मला जवळ बोलावलं. "चौथीवाली, मी आखडत चालली."

"दिसते मले," मी म्हणाले.

"मंग दाब मले. रोज दाब. जिती हाय तवरच दाब. मेल्यावर तुह्या नवऱ्याले दाबा लागन, अन् त्याच्यानं ते आता होनार नाई."

तेव्हापासून मी रोज सकाळी तिला उताणी करी. गुडघ्यांवर तेल चोळायचं, एक पाय पोटाशी न्यायचा, हळूहळू सोडत सरळ करायचा, मग दुसरा. ती मला अशा शिव्या देई की शेजारीण दार लावून घेई. मी थांबले तर जास्त देई. शेवटी ती काडी मागे. मी कमरेखालून सरकवी.

"जाते का?"

"जाते," मी म्हणे. खोटं बोलून उपयोग नव्हता, तिला कळलं असतं.

"थांब मंग," असं म्हणून ती दात आवळून पोट आत ओढी, जिथं ती गाठ होती ते पोट, आणि काडी अडेपर्यंत सोडत नसे. अडली की डोळे मिटून म्हणे, "जाय आता. चा मांड."

ती तशीच गेली, सकाळी, मी चहा मांडायला गेले तेव्हा. दुपारी माणसं जमली. पांढरं कापड घातलं, तिरडीवर ठेवली. सगळे बाजूला झाले आणि हे पुढं आले. त्यांचे दोन्ही हात आपोआप तिच्या गुडघ्यांकडे गेले. तिथं दाबायला काही नव्हतं. ती फळीसारखी सरळ होती. हात थोडा वेळ तसेच वर राहिले. मग त्यांनी ते आपल्याच तोंडावर धरले, आणि आईच्या वेळचं रडणं बहिणीपाशी रडले.

आता मी नातवाकडे असते आणि माझी कंबर दुखते. त्यानं जाड गादी आणून दिली आहे, ती भिंतीला उभी असते. सकाळी मी खाली निजते, पोटुशी घेते, पूल मला होत नाही, मग धरणी. अमरावतीत या घरात कडबा कुठून आणू? झाडूची काडी घेते. दुसरं कोणी पाहणारं नाही, म्हणून मीच कमरेखालून सरकवून पाहते.

जाते अजून थोडी.