राबाच्या तुकड्यावरचं सार्वजनिक उद्यान

दिवसभर उन्हात औत धरणाऱ्या माणसाला संध्याकाळी हवा खायला बाग लागते, असं तुम्हाला वाटतं का? विचार करून उत्तर द्या. मी विचार न करता दिलं होतं, आणि वर ते पत्रकात लिहून गावाला वाचूनही दाखवलं होतं.

तेव्हा माझं एकोणिसावं वर्ष सरत होतं. पुण्याहून येणारं प्रत्येक पत्रक मी तोंडपाठ करत असे. त्यामुळे जगातल्या बहुतेक प्रश्नांवर माझं मत तयार होतं. उरलेल्या प्रश्नांवरची पत्रकं अजून यायची होती. अशात एकदा घरचं तूप पोचवायला मी लोणावळ्याला एका बंगल्यावर गेलो. परतताना पाय दुखले म्हणून बंगलेवाल्यांच्या बागेत एका बाकावर टेकलो. रखवालदार आला.

"ऊठ. बाक बसायसाठी न्हाई."

"मग कशासाठी आहे?"

"सायेब लोकांनी बसायसाठी हाय."

मी उठलो. (तत्त्वासाठी उठलो. त्याच्या हातात काठी होती, हा निव्वळ योगायोग.) कान्हे स्टेशन येईपर्यंत गाडीत जागा असूनही मी संतापानं उभाच राहिलो. हवा काय यांच्या बापाची आहे? खेड्यातल्या माणसाला बाग नको? बाक नको? गाडीतून उतरलो तेव्हा पत्रकाचा मजकूर डोक्यात तयार होता आणि पोटऱ्यांत गोळे आले होते.

आमचं गाव स्टेशनपासून कोसभर आत. दुसऱ्या दिवशी पारावर उभं राहून मी पत्रक वाचून दाखवलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. आमच्या गावचे बाबूभाई कामशेतच्या बाजारात किराणा विकत. दुकान असलेले गावातले ते एकटेच, म्हणून प्रश्न विचारायचा मान त्यांचा.

"रघू, ह्या बागंत करायचं काय?"

"फिरायचं."

"कुटून कुटं?"

"ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"आन् मग?"

"मग परत ह्या टोकाला."

बाबूभाईंनी जरा विचार केला. "बैल न्हाईत, नांगर न्हाई, नुसतंच?"

"नुसतंच."

"लय दमणूक हाय मग," ते म्हणाले, आणि सभा संपली.

आता जागेचा प्रश्न होता. गायरान गुरांचं, देवळामागची जागा देवाची. राहता राहिला ओढ्याकाठचा आमचा स्वतःचा तुकडा. सपाट, पाण्याजवळ, गावाच्या नजरेसमोर. त्यात एकच अडचण होती. तो राबाचा तुकडा होता.

मावळाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे भाताचं रोप अशा तुकड्यावर आधी तयार करतात आणि मग खाचरांत लावतात. त्यासाठी उन्हाळ्यात जमिनीवर शेण, त्यावर टहाळ, म्हणजे पानांसकट तोडलेल्या डहाळ्या, आणि पालापाचोळा, त्यावर गवत आणि सगळ्यात वर चाळलेली माती असे थर रचतात आणि सावकाश भाजतात. हा राब. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमानं येतं.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, नेमके तेव्हाच भाचीच्या लग्नासाठी आठ दिवस सुदुंबऱ्याला निघाले. बैलगाडीत चढता चढता त्यांनी मला बजावलं.

"मी येईस्तोवर राब रचून भाजून ठेव. राब न्हाई तर रोप न्हाई. रोप न्हाई तर वरीसभर भात न्हाई. तुजी पत्रकं शिजवून खायाची न्हाईत मला."

गाडी वळणाआड गेली आणि मी हिशेब मांडला. राब एका घराला हवा. बाग साऱ्या गावाला हवी. म्हणजे तत्त्वानुसार त्या एका घरानं वर्षभर उपाशी राहणं योग्य होतं. (त्या घरात जेवणारा मीही होतो, हे हिशेबात धरायचं राहिलं.) घरात आबांची विधवा बहीण, बायजाआत्या, सगळा कारभार पाही. तिनं विचारलं, "राबाचं काय?" मी मान ताठ ठेवून सांगितलं, "राबाचं मी बघतो." खोटं नव्हतं. मी त्याच्याकडे बघणारच होतो. नुसताच.

बाग कशी करावी याचीही एक चोपडी माझ्याजवळ होती. तिच्यात लिहिलं होतं की फुलांच्या वाफ्यात खाली शेण, त्यावर पालापाचोळा, त्यावर वाळलं गवत आणि वर चाळलेली माती पसरावी. मी त्याबरहुकूम चार लांब वाफे रचले. आतमध्ये लोणावळ्याच्या माळ्याकडून आणलेलं झेंडूचं बी पेरलं. मधून फिरायला वाट ठेवली. हे थर याआधी आपण कुठं पाहिलेत का, असा विचार मावळात जन्मलेल्या माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. आबांच्या हाताखाली दहा वर्षं राब रचूनही नाही! छापलेलं ज्ञान हे असं असतं. ते आलं की घरचं बाहेर जाऊन बसतं.

पहिल्या दिवशी ओढ्यावर धुण्याला आलेल्या बाया थांबल्या.

"रघूनं मनावर घेतलं बाई."

"आन् किती झ्याक रचलंय. बापापरास बरं."

माझे डोळे भरून आले. लोकांना सौंदर्य कळत नाही असं म्हणणारे कुठं आहेत? दुसऱ्या दिवशी तर कमालच झाली. त्याच बाया डोक्यावर टहाळाचे भारे घेऊन आल्या, माझ्या वाफ्यांवर टाकून, पायानं दाबून गेल्या. कुणी शेणाच्या पाट्या आणल्या. "आबा घरला न्हाईत, पोर एकटंच हाय, हातभार लावाया नगं व्हय?" मी प्रत्येकीला हात जोडून म्हटलं, "ही जागृती आहे, मावशी. हिला असंच पेटतं ठेवा."

"पेटवू की," एक मावशी म्हणाली. "आबा येऊ दे, न्हाईतर वारा बघून आत्या पेटवंल."

ती लाक्षणिक बोलते आहे, असं मी धरलं. त्या रात्री मी वहीत लिहिलं की ग्रामीण स्त्रियांची भाषा स्वभावतःच काव्यमय असते.

बाकांसाठी बाबूभाईंनी चहाची रिकामी लाकडी खोकी दिली. त्यांची मी चार बाकं ठोकली आणि तीन वाफ्यांना टेकून, एक मधोमध ठेवलं. बाबूभाई बघायला आले आणि एकेक बाक हलवून बघत फिरले.

"रघू, राबात बाकडी कशाला रं?"

"बाबूभाई, हा प्रश्न तुम्ही विचारताय हेच आपल्या गुलामगिरीचं लक्षण आहे."

"आरं पर ही..."

"बाक म्हणजे काय? बाक म्हणजे माणसाचा विसाव्याचा हक्क."

"व्हय, पर उद्या आत्या हितं..."

"आत्याही बसेल. बायकांना बसू न देणारी बाग मला मान्यच नाही."

त्यांनी आणखी दोनदा तोंड उघडलं. मी दोन्ही वेळा त्यात तत्त्व घातलं. शेवटी ते म्हणाले, "बस बाबा तूच," आणि गेले. आजही ते सांगतात की त्या दिवशी मला वाचवायला त्यांना फक्त एका वाक्याची जागा हवी होती, पण ती काही मिळाली नाही.

उद्घाटनाला मोठा माणूस हवा. लोणावळ्यात बंगला बांधून राहिलेले एक निवृत्त रावसाहेब माझ्या पत्रानं भुलले आणि आबा परतायच्याच दिवशी दुपारच्या गाडीनं कान्ह्याला उतरले. पांढरं धोतर, काळा कोट, चांदीच्या मुठीची छत्री. कोसभर चालून आले तेव्हा अर्धं गाव ओढ्यापलीकडे आंब्याच्या सावलीत जमलं होतं. बागेत कुणीच नव्हतं.

"लोक आत का येत नाहीत?" रावसाहेबांनी विचारलं.

"संकोच वाटतो त्यांना. प्रथमच बाग पाहतायत."

पलीकडे बायजाआत्या सगळ्यांना समजावत होती, हे मला नंतर कळलं. "सरकारी सायेब हाय. राब बघाया आलाय. रघूनं कागद धाडलाता." सायबानं राब बघायचा तर भाजताना बघायला हवा, हे तिच्या दृष्टीनं उघडच होतं. शिवाय वारा बरोबर होता आणि आग पसरलीच तर विझवायला अर्धं गाव हजर होतं. इतका सोयीचा मुहूर्त परत कधी मिळणार? ती ओढा ओलांडून आली, पदरानं तोंड झाकून सायबाला नमस्कार केला आणि तुकड्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्याला गेली. राब नेहमी वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवतात, म्हणजे तो भडकत नाही, सावकाश सरकतो. आत्यानं तो उत्तम पेटवला.

रावसाहेब मधल्या बाकावर विराजमान झाले, छत्री बाकाला टेकवून त्यांनी भाषण सुरू केलं. विषय होता शुद्ध हवा.

"बंधूंनो, शहरातला माणूस धुरात जगतो," ते म्हणाले, आणि खोकले.

मी मागं पाहिलं. शेवटच्या वाफ्यावर निळसर धूर उठत होता आणि आत्या काठीनं पाला सारखा करत होती.

"तुम्ही किती भाग्यवान," रावसाहेब म्हणाले, "कारण इथं हवा..." आता ते बराच वेळ खोकले. "हे काय आहे?"

इथं खरं बोलायचं धैर्य माझ्यात असायला हवं होतं. सत्यावरची तीन पत्रकं मला पाठ होती.

"डास," मी म्हटलं. "डास घालवायला धूर केलाय."

"वा. आरोग्याचीही काळजी घेतलीत." त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि आरोग्यावर नवा भाग सुरू केला. मी वाकून आत्याकडे धावलो.

"आत्या, विझव. ही बाग आहे."

"कुटं?"

"ही. तू पेटवलीस ती."

तिनं चारही वाफे नीट पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. "शेण खाली, पाला वर, माती त्येच्यावर. आन् म्हनं बाग. ऊन लागलंय तुला, सावलीत जा." आणि तिनं काठीनं माझं एक बाक ढकलून आगीत सारलं. "ही लाकडं बी कोरडी हायेत, बरी जळत्याल."

पहिलं बाक गेलं. मग दुसरं. तिसऱ्याच्या वेळी पलीकडून पोरांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या आपल्याला आहेत असं समजून रावसाहेबांनी भाषण वाढवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते मागं हटले नाहीत. त्यांच्या धैर्याबद्दल मला आजही आदर आहे. हटले ते छत्री पेटल्यावर. बाबूभाईंनी त्यांना हाताला धरून ओढ्यापलीकडे नेलं, आंब्याखाली बसवलं, ताक पाजलं. तिथं घोंगडीवर टेकून ते म्हणाले, "इथं काय सुंदर हवा आहे हो."

"व्हय," बाबूभाई म्हणाले. "आमी हितंच बसतो रोज."

इतक्यात वळणावर बैलगाडी दिसली. आबा.

माझ्या डोळ्यांपुढे वर्षभराची रिकामी कणगी उभी राहिली. त्यांनी एकच काम सांगितलं होतं, आणि मी ते जाणूनबुजून टाळलं होतं. आबा उतरले, तुकड्याभोवती एक फेरी मारली, एका ठिकाणी काठीनं राख उकरली, खालची माती चिमटीत घेऊन चोळली.

"आबा," मी म्हटलं, "मी तुमचं ऐकलं नाही. मी राब केलाच नाही. मी इथं बाग केली होती."

आबांनी राखेकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग आत्याकडं. आत्यानं कपाळाकडं बोट नेऊन फिरवलं.

"बरं केलंस," आबा समजुतीनं म्हणाले. "अशीच करत जा दर वरसाला."

कबुलीजबाब दिला आणि कुणी मानला नाही, असा मावळातला पहिला बंडखोर मीच असेन. बापाची आज्ञा मोडायला आठ दिवस राबलो आणि ती गावात कुणी पाळली नसेल इतकी चोख पाळली गेली. रोप असं आलं की शेजारचे मूठमूठ मागून घेऊन गेले. झेंडूचं एकच झाड उगवलं, ते आत्यानं तण म्हणून उपटलं.

बागेची चळवळ तिथंच थांबली, पण करमणुकीची नाही. "भाषणाच्या साली राब लय सावकाश भाजला," असं आबांचं ठाम मत झालं आहे. बोलणारा असला की माणसं जागेवर राहतात, आगीवर नजर राहते. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते मला विचारतात, "यंदाचा सायेब कवा येतोय?" गावही आंब्याखाली घोंगड्या टाकून वाट बघतं. पण ते रावसाहेब माझ्या पत्राला आता उत्तर देत नाहीत, आणि नुसत्या माझ्या भाषणाला गावातलं कुणी बसत नाही.

म्हणून वाचकहो, एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणी लांबलचक बोलणारा वक्ता असेल, विषय कोणताही चालेल, तर त्याला येत्या चैत्रात कान्हे स्टेशनला उतरवून द्या. नवा तांदूळ बांधून देऊ. फक्त छत्री घरी ठेवायला सांगा.