चौथा दोरा

"चार दोरे झाल्याशिवाय मुलगा सिनिअर होत नाही," असं लोर्ना हॉगेन एकदा मला म्हणाली होती.

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यांचं घड्याळ मी चालवतो. माझ्या टेबलामागच्या दारातून पाच पायऱ्या उतरलं की लोर्नाची धुण्याची खोली. सत्तावीस वर्षं ती तिथे आहे. भिंतीवर खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेका खेळाडूचा पट्टा. सरावाचे कपडे त्या पट्ट्यात अडकवून पट्ट्यासकट यंत्रात टाकायचे, म्हणजे कुणाचा मोजा कुणाकडे जात नाही. दर ऑगस्टमध्ये मुलं आली की ती प्रत्येकाच्या पट्ट्याला एक निळा दोरा शिवायची. वर्षाला एक. कुणी सांगितलं नव्हतं, पण मुलं आपले दोरे मोजायची.

फेब्रुवारीतल्या आमच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला 'सिनिअर नाइट' म्हणतात; त्याआधी शेवटच्या वर्षाची मुलं, म्हणजे सिनिअर, आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात. मुलगा आईला गुलाब देतो, लोक उभे राहतात. दक्षिण डकोटातल्या आमच्या गावात त्या रात्री बर्फ कितीही असो, शेतावरची म्हातारी माणसंसुद्धा येतात. लोर्ना मात्र दार बोटभर उघडं ठेवून, हातात टॉवेलांची चळत घेऊन आतूनच बघायची. तिला मूलबाळ नाही. मी एकदा म्हटलं, "बाहेर ये की." ती म्हणाली, "माझं काय काम तिथे? मोजे धुतले म्हणून कुणी गुलाब देत नाही."

मग जव्हॅरिस पेटवे आला. मिसिसिपीचा, चौदा नंबरचा, हडकुळा. त्याला कुठल्याच मोठ्या विद्यापीठानं विचारलं नव्हतं. पहिल्याच थंडीत तो ड्रायरला पाठ लावून बसायला लागला.

"मिस लोर्ना, या गावात माणसं राहतात कशी?"

"जाड मोजे घालून. ऊठ तिथून, यंत्र तापलंय."

"म्हणून तर बसलोय."

त्याला आजीनं वाढवलेलं. आजीचे गुडघे गेलेले, बसनं इतक्या लांब येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या वर्षी, दुसरा दोरा शिवून होत असताना, तो सहज म्हणाला, "चौथ्याला माझ्याबरोबर तुम्ही चालायचं. ठरलं."

"मला चांगले बूट नाहीत."

"दोन वर्षं आहेत. घ्या."

तिनं बूट घेतले. गडद निळे, खोक्यासकट धुण्याच्या पावडरच्या डब्यांवर ठेवले. पहाटे साडेपाचला ती त्याच्यासाठी जिम उघडायची आणि तो एकटाच चेंडू टाकत राहायचा. वरून येणारा तो एकसारखा आवाज ऐकत ती घड्या घालायची.

तिसऱ्या हिवाळ्यात एका सामन्याच्या मध्यंतरात करड्या कोटातला एक माणूस कॉफीच्या टेबलापाशी लोर्नाच्या शेजारी येऊन बसला. चर्चच्या बायकांनी विकायला ठेवलेली कॉफी त्यानं घेतली, लोर्नानं पुढे केलेली लिंबाची वडी खाल्ली, तारीफ केली. चौदा नंबर बरा वाटतो, म्हणाला. आमच्या गावात परक्या माणसापुढे आपल्या मुलांचं कौतुक करायचं नाही, तर कुणापुढे करायचं? लोर्नानं सगळं सांगितलं. पहाटेचं, डाव्या हाताचं, घोटा दुखावला असताना खेळलेल्या सामन्याचं. "तुम्ही त्याला एकदा पहाटे बघा," असंसुद्धा म्हणाली. माणूस नीट ऐकत होता. जाताना त्यानं कप स्वतः कचऱ्यात टाकला. "किती सभ्य होता," ती मला म्हणाली.

एप्रिलमध्ये जव्हॅरिस खोलीच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. हातात पट्टा होता.

"कोचला सांगून आलो. माझं नाव बदलीच्या यादीत गेलंय."

कॉलेज सोडणाऱ्या खेळाडूंची ही यादी. पूर्वी त्यात नाव गेलं की वर्षभर न खेळता बसून काढावं लागे, आता लागत नाही. मोठी विद्यापीठं तिथूनच पैसे देऊन माणसं उचलतात. आमच्याकडच्या खुंट्या दर वसंतात रिकाम्या होतात. तीन वर्षांत लोर्नानं चौथा दोरा कुणालाच शिवला नव्हता.

"कुठे?" तिनं विचारलं.

त्यानं नाव सांगितलं. टीव्हीवर दिसणारं नाव.

"बरं झालं. आजी काय म्हणाली?"

"रडली. मग पोर्च दुरुस्त करणार म्हणाली." तो जरा हसला. "तिकडचा असिस्टंट कोच तुमची आठवण काढत होता, मिस लोर्ना. म्हणाला, तुझ्याबद्दल सगळं मला त्या धुणंवाल्या बाईंनी सांगितलं."

लोर्नानं यादी काढली. गणवेश दोन, बूट, उबदार जाकीट, पट्टा एक. प्रत्येकापुढे खूण केली, खाली सही केली. सही करताना पेन दोनदा थांबलं, असं नंतर तिनंच मला सांगितलं. "मीच ना रे दाखवला त्या करड्या कोटवाल्याला. वडी खायला घालून."

"तू नसतं सांगितलं तरी गेला असता," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण सांगितलं मीच."

तिकडच्या सिनिअर नाइटला तुम्ही यायचं, असं तो जाताना म्हणाला होता. त्या शब्दावर तिनं बूट ठेवून दिले. जानेवारीत त्याचा फोन आला तेव्हा मी खाली टॉवेल घ्यायला गेलो होतो. फार आनंदात होता. आजीला विमानानं आणत होता, गुडघ्यांसाठी विमानतळावर चाकांची खुर्चीसुद्धा सांगितली होती. "दोघींना नेलं असतं, पण आजी म्हणते, तुझ्याबरोबर मी एकटीच चालणार." लोर्ना म्हणाली, "तिनंच चालायला हवं." फोन ठेवून तिनं यंत्र सुरू केलं. आत काही नव्हतं. नुसतं पाणीच फिरत राहिलं, आणि मी ते बंद केलं नाही.

आमच्या सामन्याच्या दिवशी बर्फ थांबलं होतं. यंदा एकच सिनिअर होता: ऑगस्टमध्ये आलेला, ऑरेगनचा कोल्बी रीस. कोचनं त्याला चौदा नंबर दिला होता. मी घड्याळ तपासून टॉवेल आणायला खाली गेलो, तर तो दारात उभा, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गुलाब.

"मॅम, कोच म्हणाले तुम्हाला विचार, माझ्याबरोबर चालाल का. माझे घरचे नाही येऊ शकले."

लोर्ना घडी घालत होती. "किती वर्षं झाली इथे तुला?"

"सहा महिने. हे माझं चौथं कॉलेज." त्यानं खुंटीवरच्या आपल्या पट्ट्याकडे बघितलं. त्यावर एकच दोरा होता. "बाकीच्या ठिकाणी दोरे नव्हते, मॅम. नाहीतर झाले असते चार."

तिनं घातलेली घडी मोडून परत घातली. वर बँड सुरू झाला. माइकवर कुणीतरी कोल्बीचं नाव चुकीचं उच्चारलं, मग परत नीट उच्चारलं.

"नको असेल तर मी एकटा जातो," तो म्हणाला. "मागच्या कॉलेजात एकानं तसंच केलं होतं. काही वाटत नाही."

लोर्नानं खोकं खाली काढलं. बुटांत भरलेला कागद काढून घडी करून बाजूला ठेवला. बूट थोडे घट्ट झाले होते. भिंतीला धरून तिनं ते पायांत चढवले, हात ॲप्रनला पुसले, ॲप्रन चौदा नंबरच्या खुंटीला अडकवला. मग त्या मुलाच्या दंडात हात घातला आणि पाच पायऱ्या चढून दाराबाहेर गेली.